रोटरी इंजिनाचे पाणी थंड, तेल मात्र तापते: कुलर बदलावा की हवेचे तोंड वाढवावे?

शिरगाव_शेड
नमस्कार मंडळी. आम्ही तिघे मित्र मिळून दोन आसनी विमान बांधत आहोत. त्यासाठी घेतलेले माझदाचे १३ बी, म्हणजे दोन रोटरांचे इंजिन गेले दोन महिने कोल्हापूरजवळच्या गोकुळ शिरगावच्या शेडमध्ये स्टँडवर गिअरबॉक्स, पंखा आणि काउलसह (इंजिनावरच्या आवरणासह) चालवून पाहत आहोत. उड्डाणाच्या परवानगीचा विषय अजून दूर आहे, त्यामुळे तो येथे काढत नाही.

अडचण अशी की मिनिटाला साडेपाच हजार फेऱ्यांवर इंजिन धरले असता पाणी ८५ अंशांच्या आसपास स्थिर राहते, पण तेल आठव्या-नवव्या मिनिटाला १०८ अंशांवर जाते आणि आम्हाला थ्रॉटल मागे घ्यावा लागतो. पाण्याचा रेडिएटर उद्यमनगरात बनवून घेतलेला असून तो ऐसपैस आहे. तेलाचा कुलर तयार आणलेला, शाळेच्या वहीएवढा. एक मित्र म्हणतो की काउलचे पुढचे तोंड रुंद करावे, माझ्या मते कुलर बदलावा. फौंड्रीत आयुष्य घालवलेले वडील म्हणतात, "तेलाचं काय घेऊन बसलायसा, ट्रकाचंबी तापतंय की."

पंचगंगाकाठ
रोटरी इंजिनाला रेडिएटर कशासाठी? पहिल्या महायुद्धातील नोम आणि ल रोन ही रोटरी इंजिने तर केवळ हवेवर थंड होत असत, असे वाचले आहे.

लेथवाला_उद्यमनगर
पंचगंगाकाठ, ते रोटरी वेगळे. त्यात दांडा विमानाला पक्का असे आणि सिलिंडरांसह सगळे इंजिनच पंख्याबरोबर फिरे, त्यामुळे सिलिंडरांना वारा आपोआप मिळे. येथे विषय वांकेल इंजिनाचा आहे, ज्यात घर स्थिर राहते आणि आत तिकोनी रोटर फिरतो.

आता मूळ प्रश्नाकडे. शिरगावकर, तुमच्या वडिलांचे म्हणणे ट्रकाच्या बाबतीत बरोबर आहे, पण या इंजिनात तेल हे केवळ वंगण नसून दुसरे पाणीच आहे. रोटर ओतीव लोखंडाचा, तो घराच्या आत फिरतो आणि पाणी त्याच्यापर्यंत पोहोचू शकत नाही. मधल्या दांड्यातील बारीक जेटमधून तेल रोटरच्या पोटात उडते आणि तेथील उष्णता घेऊन खाली पडते. काढून टाकायच्या एकूण उष्णतेपैकी ढोबळमानाने एक तृतीयांश वाटा असा तेलाकडे जातो. तुम्ही १०० किलोवॉट, म्हणजे सुमारे १३४ अश्वशक्ती घेत असाल, तर पाणी आणि तेल मिळून ८० किलोवॉटच्या आसपास उष्णता बाहेर टाकावी लागेल, असे धरून चाला. त्यातील पंचवीसेक किलोवॉट त्या वहीएवढ्या कुलरच्या माथी आले. दोन किलोवॉटचे बारा गिझर एकदम लावा, मग अंदाज येईल.

तेल नेमके कोठे मोजता, हेही कळवा. कुलरमधून निघून इंजिनात शिरणारे तेल शंभर अंशांच्या आत राहिले पाहिजे. तळातील तेलाचा आकडा त्याहून जास्त दिसणारच.

पाण्याच्या ८५ अंशांवरही डोळे झाकून विश्वास ठेवू नका. वरच्या भागात हवा अडकून सेन्सर कोरडा पडला, तर पाणी उकळत असतानाही काटा कमीच दाखवतो. या इंजिनात लोखंडी बाजूपट्ट्यांच्या मध्ये ॲल्युमिनियमची घरे लांब बोल्टांनी आवळलेली असतात. ॲल्युमिनियम लोखंडाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावते. एकदा जास्त तापले की मधली पाण्याची सील दबून निकामी होते आणि सगळे इंजिन उकलावे लागते. आणखी एक गोष्ट: थर्मोस्टॅट (पाणी तापल्यावर रेडिएटरची वाट उघडणारी झडप) काढून टाकला असेल, तर त्याखालची बायपासची, म्हणजे रेडिएटर टाळणारी वाट बुजवलेली आहे का ते पाहा, नाहीतर गरम पाणी रेडिएटरला न जाताच फिरत राहते.

उसाचा_फड
कुलर आणि तोंड या दोन्हींच्या आधी मापे घ्या, असे मी म्हणेन. कुलरच्या आधीची हवा, त्याच्या जाळीच्या अगदी मागची हवा आणि काउलबाहेर पडणारी हवा, अशा तीन ठिकाणी तापमान पाहा. जाळीमागची हवा खूप तापलेली आणि बाहेर पडणारी मात्र कोमट असेल, तर बरीचशी हवा कुलरला वळसा घालून निसटते आहे. दोन्ही ठिकाणी हवा तापलेलीच असेल, तर हवाच कमी पडते आहे. दोन्हीकडे कोमट आणि तेल मात्र गरम, असे दिसले तर तेल कुलरच्या आतील झडपेतून परस्पर परत फिरत नाही ना, ते तपासा.

तोंड रुंद करण्याबद्दल. आमच्याकडे गुऱ्हाळ आहे, आणि चुलवाणाचे तोंड मोठे केले म्हणून जाळ वाढत नाही, ओढ धुराड्याची असते, हे कोणताही गुळव्या सांगेल. काउलचेही तसेच आहे. जाळीच्या पुढचा दाब आणि मागचा दाब यांतील फरक हवा ओढतो. मागची वाट कोंडलेली असेल, तर पुढचे मोठे तोंड फक्त हवेचा अडथळा वाढवते.

हा फरक मोजायला यंत्र लागत नाही. पारदर्शक प्लास्टिकची नळी यू आकारात फळीवर बसवा, रंगीत पाणी भरा, एक टोक जाळीपुढे आणि दुसरे मागे न्या. कोल्हापूर साडेपाचशे मीटरच्या वर आहे आणि उन्हाळ्यात ३८ अंशांना येथील हवेची घनता सुमारे १.०५ किलो प्रति घनमीटर भरते. सेकंदाला ४० मीटर वेगाने चढताना वाऱ्याचा पूर्ण दाब पाण्याच्या जेमतेम साडेआठ सेंटिमीटर उंचीएवढा असतो. वेग दुप्पट झाला की तो चौपट होतो. म्हणून कसोटी चढाईत लागते, सपाट वेगात नाही. ८० किलोवॉट घालवायचे आणि हवा ४० अंशांनी तापू द्यायची, तर सेकंदाला जवळपास दोन घनमीटर हवा जाळ्यांतून गेली पाहिजे. स्टँडवर तर फक्त पंख्याचा झोत आहे, तोही मुळाशी दुबळा.

शिरगाव_शेड
दोघांचेही आभार. काल दुपारी मापे घेतली. बाहेरची हवा ३६ अंश, जाळीच्या मागे ८८ आणि काउलच्या बाहेर ५१. बॅटरी धरून आत पाहिले, तेव्हा कुलरच्या डाव्या कडेला बोटभर रुंदीची फट दिसली. आम्ही तेथे लावलेला फोम उष्णतेने आकसून खाली पडला होता. तेथे ॲल्युमिनियमची पट्टी बसवून कडा सिलिकॉनने बंद केल्या आणि इंजिन पुन्हा चालवले. वीस मिनिटांनंतर तळातील तेल १०१ अंशांवर थांबले आणि कुलरनंतरचे ९२ निघाले. पाण्याचा सेन्सर मात्र खरोखरच सर्वांत उंच जागी होता, तो आता खाली घेत आहोत.

नळीत फरक पाच सेंटिमीटर दिसला. वडिलांनी ती फळी पाहिली, पाणी वर सरकताना बघितले आणि दुप्पट जाडीच्या कुलरसाठी ब्रॅकेटचा पॅटर्न (ओतकामाचा नमुना) स्वतःच करायला घेतला आहे. मागच्या तोंडाला हलती झडप लावायची, तर ती चढाईत साधारण किती उघडी ठेवावी?

उसाचा_फड
झडप बंद असताना जेवढी वाट राहते, तिच्या सुमारे दीडपट उघडेल अशी आधी बनवा आणि नळीवर फरक वाढतो का ते पाहा. फरक वाढायचा थांबला की त्यापुढे उघडून उपयोग नाही.