शब्दचर्चा: निर्वासितांच्या 'इंटिग्रेशन'ला मराठीत काय म्हणायचं?

रामबागवाला (इंदूर)

आमच्या इथल्या मराठी मंडळाच्या अंकासाठी एका इंग्रजी लेखाचा अनुवाद करतोय. युरोपात आलेल्या निर्वासितांना तिथल्या समाजात आणि रोजगारात कसं आणलं जातं, असा विषय. पानोपानी 'इंटिग्रेशन' आहे आणि तिथेच गाडी अडलीय. पहिल्या खर्ड्यात लिहिलं होतं, 'निर्वासितांचे समाजात व श्रमबाजारात एकात्मीकरण'. आईला वाचून दाखवलं, तर ती म्हणाली, "म्हणजे त्यांना नेमकं करतात काय?" मला उत्तर देता येईना.

दुसरी अडचण खास इंदूरची. आमचे बरेच वाचक हिंदी शाळेत शिकलेले. त्यांच्या लेखी 'निर्वासित' म्हणजे हद्दपार केलेला माणूस. आपण ज्याला निर्वासित म्हणतो त्याला ते शरणार्थी म्हणतात. मग सरळ शरणार्थीच लिहू का? शिवाय विस्थापित, स्थलांतरित, आश्रित हेही रांगेत उभे आहेत.

अनुवादाची हमाली

आधी दुसरा प्रश्न, तो त्यातल्या त्यात सोपा.

मूळ अर्थाने हिंदीवाले बरोबर आहेत. निर्वासित म्हणजे वसतीबाहेर घालवून दिलेला. मराठीत घालवून देणारा मागे पडला आणि घर सुटलेला माणूस तेवढा राहिला. जुना अर्थ आपल्याकडेही एका ठिकाणी टिकून आहे: धरमशालेचं तिबेटी 'निर्वासित सरकार'. तिथे दोन्ही भाषांचं एकमत आहे.

शरणार्थी मराठीत मला नको वाटतो. संस्कृतात शरण म्हणजे आसरा, रक्षण. मराठीत मात्र 'शरण आला' म्हटलं की हत्यार खाली ठेवलेला माणूस डोळ्यांपुढे येतो. संतांच्या अभंगात शरण जाणं गोड लागतं, वर्तमानपत्रात ती हार असते. ज्याने हार न मानता सीमा ओलांडली त्याला हा शब्द का चिकटवायचा? तेव्हा निर्वासितच ठेवा, आणि पहिल्यांदा येईल तिथे 'हिंदीत ज्यांना शरणार्थी म्हणतात ते' एवढं घाला.

बाकीचे शब्द एकमेकांच्या जागी वापरू नका. १९५१ च्या जिनिव्हा करारात निर्वासिताची व्याख्या आहे: वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट सामाजिक गट किंवा राजकीय मत यांवरून छळ होईल अशी साधार भीती असलेला आणि त्यामुळे स्वतःच्या देशाबाहेर असलेला. तेव्हा सीमा ओलांडलेली हवी. देशातल्या देशात उखडला गेला तर तो विस्थापित. आश्रयाचा अर्ज केलाय पण निकाल नाही, तो आश्रयार्थी. तुमच्या लेखात हा फरक महत्त्वाचा असणार, कारण काम करायची मुभा बहुतेक ठिकाणी त्यावर ठरते. स्थलांतरित हा सगळ्यांना पोटात घेणारा शब्द, कामधंद्यासाठी गेलेलाही त्यात येतो. आणि आश्रित अजिबात नको. आश्रित म्हणजे वाड्यावर दोन वेळ जेवून पडून असलेला दूरचा मामा. गंमत अशी की तोच आश्रय 'राजाश्रय' झाला की त्याची प्रतिष्ठा वाढते. होळकरांच्या गावात हे सांगायला नको.

निमाडी

विस्थापितबद्दल थोडं. इंदूर-निमाड भागात हा शब्द सिंधमधून किंवा सीरियातून आलेल्यांसाठी कुणी ऐकतच नाही. इथे विस्थापित म्हणजे नर्मदेवरच्या धरणांनी उठवलेले. नर्मदा नियंत्रण प्राधिकरणाचं मुख्यालय इंदुरातच आहे आणि २००४ साली इंदिरा सागर धरणात हरसूद हे गाव बुडालं ते आमच्या पिढीने पाहिलंय. हिंदीत 'डूब प्रभावित', महाराष्ट्रात धरणग्रस्त, आणि कायद्याच्या भाषेत प्रकल्पग्रस्त.

हे सांगण्याचं कारण 'पुनर्वसन'. कुणीतरी इथे तो सुचवेलच, म्हणून आधीच अडवतो. पुनर्वसन (हिंदीत पुनर्वास) हा आमच्याकडे फाइलीचा शब्द आहे. नर्मदा लवादाच्या १९७९ च्या निवाड्यात ठराविक प्रमाणापेक्षा जास्त जमीन गेलेल्या कुटुंबाला किमान दोन हेक्टर जमीन द्यायचं ठरलं. म्हणजे पुनर्वसन हेक्टरमध्ये, प्लॉटमध्ये, धनादेशात मोजतात. कागदावर ते 'पूर्ण' होतं. नव्या वसाहतीतल्या माणसाला शेजारच्या गावात मजुरीला कुणी बोलावतं का, मुलीचं लग्न जमतं का, हे त्या रकान्यात नसतं. तुमच्या लेखात इंटिग्रेशन म्हणजे बहुधा हाच उरलेला भाग असणार.

शंकासुर

'समरसता' का नको? छान मराठी शब्द आहे.

अनुवादाची हमाली

छान आहे, पण त्यावर आता राजकीय शिक्का आहे. अर्धे वाचक तिथेच तुमचा पक्ष शोधायला लागतील. आणि अर्थानेही तो जरा पुढे जातो. समरस झालेल्याचा वेगळा रस उरत नाही. ५१ च्या करारात कलम ३४ मध्ये, निर्वासितांना नागरिकत्व देण्याच्या संदर्भात, 'असिमिलेशन' हा शब्द आहे. त्याला समरस होणं किंवा विरघळणं चालेल. आजची धोरणं तो शब्द सहसा टाळतात. आलेल्याने भाषा शिकावी, कामाला जावं, कायदा पाळावा. पण घरी काय शिजवावं नि कोणता सण करावा हे त्याचं त्याने ठरवावं, असा इंटिग्रेशनचा रोख असतो.

वडोदऱ्याहून

आमच्याकडे गुजरातीत निराश्रित म्हणतात, तो मला निर्वासितपेक्षाही केविलवाणा वाटतो. आणि विरघळण्यावरून पारशांची दुधातल्या साखरेची गोष्ट आठवलीच. पण साखर विरघळली की दिसेनाशी होते. पारशी कुठे दिसेनासे झाले? नवसारीत विचारा.

कॅम्प नंबर तीन

मी उल्हासनगरचा, घर सिंधी, शाळा मराठी. दोन गोष्टी.

आमच्या आजोबांच्या पिढीला शरणार्थी म्हटलेलं खपत नसे. फाळणीनंतर आलेल्या सिंधी-पंजाबी मंडळींनी स्वतःसाठी 'पुरुषार्थी' शब्द चालवला. शरण मागणारे नव्हे, हिमतीवर उभे राहणारे. तिकडे पाकिस्तानात, भारतातून गेलेले मुहाजिर झाले, म्हणजे हिजरत (स्थलांतर) केलेले. दोघांनीही बिचारेपणा नसलेला शब्द निवडला हे बघण्यासारखं आहे.

दुसरं, शब्द कसा झिजतो ते. कल्याणजवळच्या लष्करी छावणीत लोकांना ठेवलं, १९४९ साली त्याचं उल्हासनगर झालं, पण पत्ता सांगताना अजून 'कॅम्प नंबर तीन'. त्यात आता छावणी राहिलेली नाही, नुसता पिनकोड आहे. कोल्हापूरजवळ वळिवड्यालाही तेच. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात १९४३ पासून तिथे पोलंडचे निर्वासित होते, ते १९४८ पर्यंत गेले, मग सिंधी आले आणि छावणीचं गांधीनगर झालं. आज त्या गांधीनगरला लोक घाऊक कापड घ्यायला जातात. या सगळ्यात 'एकात्मीकरण' कुणी उच्चारलं नाही. घरात ऐकलेला शब्द 'जम बसला'. दुकानाचा जम बसला, मग माणसाचा बसला.

रामबागवाला (इंदूर)

'जम बसला' आईला लगेच पटला! पण तो धोरणाच्या लेखात कसा बसवू? आणि आता रोजगाराचा भाग. मूळ लेखात जर्मनीचं उदाहरण सविस्तर आहे. २०१५ साली तिथे जवळपास नऊ लाख लोक आश्रयासाठी आले. २००५ पासून तिथे सरकारी इंटिग्रेशन कोर्स आहे: साधारण ६०० तास भाषा, १०० तास तिथला कायदा, इतिहास, चालीरीती. त्यानंतर नोकरी. मी लिहिलं, 'निर्वासितांना कामाला लावले जाते'. बायको हसून लोळली.

शंकासुर

😀 वहिनींना नमस्कार. निर्वासितांना 'कामाला लावलं' म्हणजे जर्मन सरकारने त्यांना चांगलंच फिरवलं की.

अनुवादाची हमाली

'काम मिळवून दिले जाते' करा. 'कामाला लागतात' हेही जपूनच, कारण त्यात आधी रिकामे बसले होते असं ध्वनित होतं. बऱ्याच ठिकाणी ते बसलेले नसतात, बसवलेले असतात. अर्जाचा निकाल लागेपर्यंत, किंवा निदान पहिले काही महिने, कामाची परवानगीच नसते. युक्रेनमधून आलेल्यांसाठी युरोपीय संघाने मार्च २०२२ मध्ये २००१ चा तात्पुरत्या संरक्षणाचा निर्देश पहिल्यांदाच लागू केला. त्यात कामाचा हक्क निकालाची वाट न पाहता मिळतो. हा फरक मराठीत 'काम करण्याची मुभा' आणि 'काम मिळणे' असा दोन पायऱ्यांत लिहा. 'श्रमबाजारात समावेश' म्हटलं की दोन्ही पायऱ्या एकाच गोणीत जातात.

निमाडी

श्रमबाजार इंदुरात तर नकोच. सकाळी चौकात घमेलं-फावडं घेऊन ठेकेदाराची वाट पाहत उभे असतात तेच डोळ्यांपुढे येतं.

रामबागवाला (इंदूर)

अगदी. आणि मूळ लेखातला मुद्दा नेमका उलट आहे: शिकलेला माणूस त्या चौकात उभा राहू नये. इंजिनिअर टॅक्सी चालवतो, दाई म्हणून काम केलेली बाई भांडी घासते. परदेशी पदव्या तपासण्यासाठी जर्मनीने २०१२ मध्ये वेगळा कायदाच लागू केला. इथे मला इंदूरचं उदाहरण तळटीपेत द्यावंसं वाटतंय. पाकिस्तानातून आलेली सिंधी कुटुंबं आपल्याकडे खूप आहेत. भारताने ५१ च्या करारावर सही केलेली नाही, त्यामुळे कागदावर ही मंडळी 'दीर्घ मुदतीच्या व्हिसावर'. २०१६ मध्ये केंद्राने या व्हिसावरच्या पाकिस्तान, बांगलादेश, अफगाणिस्तानातल्या अल्पसंख्याकांना बँक खातं, पॅन, आधार, वाहन परवाना, राहण्यापुरतं घर घेणं आणि स्वयंरोजगार याची मुभा दिली. त्याच वर्षी काही जिल्हाधिकाऱ्यांना नागरिकत्व नोंदणीचे अधिकार दिले, त्यात इंदूर होतं.

आणि डॉक्टर. पाकिस्तानात एमबीबीएस झालेल्याला इथे नोंदणीशिवाय दवाखाना चालवता येत नाही. २०२२ च्या ऑगस्टमध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने अशा डॉक्टरांकडून अर्ज मागवले. अट: ३१ डिसेंबर २०१४ पूर्वी आलेले, भारतीय नागरिकत्व मिळालेले. त्यातून निवडलेल्यांना परीक्षा. याला काय म्हणू? 'पदवीची मान्यता' की 'समकक्षता'?

अनुवादाची हमाली

दोन्ही, पण वेगवेगळ्या जागी. तिकडची पदवी इकडच्या पदवीच्या तोडीची धरली तर समकक्षता. परीक्षा घेऊन व्यवसायाचा परवाना दिला तर नोंदणी. तुमच्या उदाहरणात दुसरं आहे. मान्यता हा ढोबळ शब्द, शीर्षकात चालेल.

आता मूळ 'इंटिग्रेशन'कडे. माझं मत: एका इंग्रजी नामाला एक मराठी नाम शोधणं सोडा. नाम घेतलं की कर्ता गायब होतो, आणि तुमच्या आईंचा प्रश्न कर्त्याबद्दलच होता. मराठीत ही कामं वेगवेगळ्या माणसांची आहेत. यजमान समाज सामावून घेतो. आलेला माणूस मिसळतो, रुळतो. त्याचा धंद्यात जम बसतो. सरकार मुभा देतं, मान्यता देतं. यातलं एकही दुसऱ्याच्या वाटणीला देता येत नाही. 'सरकारने निर्वासितांना रुळवले' हे वाक्यच होत नाही, आणि ते होत नाही हे मराठीचं शहाणपण समजा. शीर्षकापुरतं नाम हवंच असेल तर 'समावेशन'. एकात्मीकरण नको, ते संस्थानांच्या विलीनीकरणाचं वाटतं.

फक्त 'सामावून घेणे' सगळीकडे घालू नका. त्यात यजमानाचा मोठेपणा जरा जास्त दिसतो, जणू ट्रेनमध्ये सरकून जागा दिली. जिथे हक्काची गोष्ट आहे तिथे 'हक्क आहे' असंच लिहा. युगांडाच्या २००६ च्या कायद्यात निर्वासितांना काम करण्याचा आणि फिरण्याचा हक्क आहे. तिथे 'युगांडाने सामावून घेतले' लिहिलंत तर कायदा पुसला जाऊन नुसता दिलदारपणा उरेल.

कॅम्प नंबर तीन

+१. रुळायला वेळ लागतो हेही त्या क्रियापदातच आहे. आमच्या घरात एक पिढी लागली.

वडोदऱ्याहून

इंदूर-ग्वाल्हेर-बडोद्याच्या मराठी माणसांनी या शब्दांवर बोलावं हेही मजेशीर आहे. आपले पूर्वज सरदारांबरोबर आले, चाकरी आधीच हातात होती. त्यामुळे आपल्याला कुणी निर्वासित म्हटलं नाही आणि आपल्या रुळण्याचा कोर्सही कुणी काढला नाही.

रामबागवाला (इंदूर)

हे मनाला लागलं, संपादकीयात वापरू का?

सुधारलेला परिच्छेद टाकतो, झोडा:

'निर्वासितांना (हिंदीत ज्यांना शरणार्थी म्हणतात) नव्या देशात रुळण्यासाठी आधी तिथली भाषा यावी लागते आणि काम करण्याची मुभा असावी लागते. मुभा मिळाली तरी शिक्षणाला साजेसं काम मिळतंच असं नाही. त्यासाठी त्यांच्या पदव्यांची समकक्षता ठरवावी लागते. धंद्यात जम बसला की शेजाऱ्यांत मिसळणं सोपं जातं, पण त्यासाठी शेजाऱ्यांनीही त्यांना सामावून घ्यायला हवं.'

अनुवादाची हमाली

चांगलं झालंय. 'सोपं जातं' च्या आधी 'बहुधा' घाला. आणि 'साजेसं' आहे तिथे 'शिक्षणाला' च्या जोडीला 'अनुभवाला' हवं; ती दाई शाळेत फारशी गेलेली नसेलही.