पहाटे चार दहाचा पंप: तळमजल्यावर कुणी झोपतं का?

तळमजला_मागची_बाजू

नमस्कार मंडळी. प्रश्न छोटा आहे, पण तीन आठवडे नीट झोप नाही, त्यामुळे लिहिणं लांबणार.

आमची इमारत पार्ले पूर्वेला, १९६८ सालची. तळ अधिक तीन, सोळा बिऱ्हाडं, लिफ्ट नाही. जिन्याखाली पाण्याचा पंप. पंपाची भिंत आणि माझ्या पलंगाच्या उशाची भिंत एकच. जुना पंप होता तो नुसता घरघरायचा. घरातल्या माणसाच्या घोरण्याची सवय होते तशी मला त्याचीही झाली होती. गणपतीनंतर नवीन बसवला आणि तेव्हापासून पहाटे चार दहाला नाटक सुरू.

आवाज तीन आहेत, नीट सांगते. आधी मिक्सरमध्ये खडीसाखर टाकल्यासारखा खडखडाट, चांगला पाच-सात मिनिटं. मग नुसती घूंऽऽ, ती भिंतीतून येऊन उशीत शिरते, दातांना कळते. आणि शेवटी पंप बंद झाला की ‘धाड!’ दुकानाचं शटर कुणी वरून सोडून द्यावं तसं. मांडणीवरची ताटं वाजतात. परवा तर देव्हाऱ्यातली घंटा किणकिणली. देव जागे झाले असतील तर बरंच आहे, मी तर होतेच.

मी ३७ वर्षं टेलिफोन खात्यात, त्यातली बरीच ट्रंक बोर्डावर, परगावचे कॉल जोडण्यात काढली. कानांच्या बाबतीत मला कुणी ‘काकू, तुमचा भास’ म्हणू नये. विमानांचं म्हणाल तर ती मला ऐकूच येत नाहीत. पार्ल्यातली माणसं विमान आलं की वाक्य अर्ध्यावर सोडतात आणि ते गेलं की त्याच शब्दापासून पुढे बोलतात, त्यात विशेष काही नाही. आणि पूर्वी पहाटे जाग आलीच तर निदान बिस्किटांचा खरपूस वास तरी यायचा. तो पार्ले बिस्किटांचा कारखाना २०१६ला बंद झाला. आता उठून काय हुंगायचं?

सेक्रेटरींना दोनदा सांगितलं. म्हणाले, “काकू, महापालिकेचं पाणी चारला सुटतं, त्याला सोसायटी काय करणार?” पाणी येतं चार ते पावणेसात. खालची टाकी ६,००० लिटरची, वरच्या दोन मिळून १०,०००. हे आकडे टाकी धुण्याच्या बिलावरून काढलेत.

तर प्रश्न असा: पाणी खालच्या टाकीत चारला येतं म्हणून ते वरही चारलाच चढवायला हवं का? आणि ती ‘धाड’ कशाची?

नव्वदचा_पार्लेकर

काकू, कानात कापूस. नाहीतर रिडेव्हलपमेंट.

तळमजला_मागची_बाजू

कापूस घालून पाहिला. घूं हाडातून येते, कानातून नाही. आणि रिडेव्हलपमेंटचं म्हणशील तर आम्ही विमानतळाच्या फनेल झोनमध्ये, म्हणजे विमानांच्या चढण्या-उतरण्याच्या वाटेखाली. उंची मिळत नाही, म्हणून बिल्डर येतो, चहा पितो, नकाशा पाहतो आणि जातो. आतापर्यंत चौघांना चहा पाजला.

कायद्याने_वागा

ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे निवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ या वेळात मर्यादा ४५ डेसिबल आहे, दिवसा ५५. मोबाइलवर मोजा, लेखी तक्रार द्या, पोच घ्या.

तळमजला_मागची_बाजू

मोजलं. मोबाइल म्हणाला ५८. पण दादा, तक्रार कुणाविरुद्ध देऊ? सोसायटीची खजिनदार मीच आहे.

तिसरा_मजला_डावीकडे

काकू, मी ओळखलं हो तुम्हाला 😄 देव्हाऱ्यातल्या घंटेवरून.

आता आमचीही बाजू ऐका. माझ्या मुलाची शाळेची बस सहा चाळीसला नाक्यावर येते. पाच वाजल्यापासून आंघोळ, डबा, बाटली सगळं नळावर. पंप उशिरा लावला आणि वरची टाकी रिकामी असली तर सगळ्यात आधी आमचा नळ सूं करतो, तुमचा सगळ्यात शेवटी. २०२३च्या नोव्हेंबरअखेर मेट्रोच्या खोदकामात वेरावली जलाशयाची मोठी पाण्याची वाहिनी फुटली, आठवतं ना? तेव्हा तुम्ही टाकीचं झाकण उघडून बादलीने उपसून घेत होतात. मी तीन जिने कळशी चढवली, दिवसाला अकरा वेळा. तेव्हापासून पंपाचा आवाज आला की मला उलट शांत झोप लागते.

तळमजला_मागची_बाजू

अगं तूच होय! आठवतं ना. दोन कळश्या मीसुद्धा वर आणून दिल्या होत्या, दुसऱ्या जिन्यावर बसले तो भाग वेगळा. तुझं पाणी तोडून मला झोप नको आहे. मला फक्त हे हवं आहे की चारचं सहा होतं का.

निवृत्त_मेकॅनिकल

काकू, तुम्ही आवाज इतके छान सांगितलेत की न पाहता निदान करता येईल. तरी प्लंबरला दाखवाच.

खडखडाट: पंप हवा पितोय. चारला पाणी नुकतं सुटलेलं असतं, खालच्या टाकीचा तळ जवळजवळ उघडा. अशात पंप लावला की पाण्याबरोबर हवा ओढली जाते. पाणी थोडं चढलं की आवाज थांबतो, म्हणूनच तुमची ती पाच-सात मिनिटं. नव्या पंपाचं सील याने वर्षभरात जाईल. फूट व्हॉल्व्हही (टाकीत बुडलेल्या पाइपाच्या टोकाची झडप) तपासा, तो गळका असला तर रात्रीतून पाइपातलं पाणी खाली उतरतं आणि हाच प्रकार होतो.

घूं: पंप ओट्यावर थेट बोल्टने आवळलाय आणि वर जाणाऱ्या पाइपाच्या क्लॅम्प तुमच्या भिंतीत ठोकल्यात, पैज लावतो. पंपाखाली रबरी पॅड, पंप आणि पाइप यांच्यामध्ये रबरी जोड, आणि क्लॅम्प भिंतीतून काढून पाइपाला जमिनीवरून आधार. खर्चापेक्षा खटपट जास्त.

धाड: पंप बंद झाला की पाइपातलं चाळीसेक फुटांचं पाणी मागे फिरतं आणि एनआरव्हीची, म्हणजे पाणी उलटं जाऊ न देणारी झडप आपटते. लोंबती झडप बसवलेली असणार. स्प्रिंगची बसवा, ती पाणी उलटं फिरायच्या आत मिटते. गंमत बघा, तानसा-वैतरणेचं पाणी मुंबईच्या वेशीपर्यंत नुसत्या उतारानं येतं, आवाज न करता. सगळा धिंगाणा शेवटच्या चाळीस फुटांत.

आता मूळ प्रश्न. सेक्रेटरी अर्धे बरोबर आहेत. तुमची खालची टाकी लहान आहे. ती भरली की बॉलकॉक मिटतो आणि त्यापुढे नळाला आलेलं पाणी तुमच्याकडे शिरत नाही. म्हणून पाणी चालू असतानाच काही तरी उपसून जागा करावीच लागते. पण ती चार दहालाच करायला हवी असं नाही. मला एकच आकडा द्या: पंप बंद ठेवला तर खालची टाकी रिकामीची भरायला किती वेळ लागतो?

तळमजला_मागची_बाजू

मोजलं. कसं ते ऐका.

रविवारी वॉचमनला सांगितलं, आज पंपाला हात लावायचा नाही. तो बिचारा घाबरला, म्हणून आदल्या रात्री वरच्या टाक्या काठोकाठ भरून घेतल्या, खालची तळाला नेली. पावणेचारला शाल घेऊन जिन्याखाली. कोळ्यांची जाळी काढायचा लांब बांबू, त्यावर खडूने टाकीच्या उंचीचे सहा सारखे भाग केले, एक भाग म्हणजे हजार लिटर. चार वाजून दोन मिनिटांनी नळात आधी फुस्स झालं, मग खोकला, मग धार. दर दहा मिनिटांनी बांबू बुडवायचा आणि ओल कुठवर आली ते टॉर्चने पाहायचं. माझ्याबरोबर वॉचमन आणि एक मांजर. साडेचारला दूधवाला आला, तोही थांबला. कुणालाच काही बोलायचं नव्हतं, सगळे बांबूकडे बघत.

पाच बेचाळीसला टाकी भरली आणि बॉलकॉक मिटला. शंभर मिनिटं. म्हणजे मिनिटाला ६० लिटर. बरोबर ना?

निवृत्त_मेकॅनिकल

काकू, तुम्ही आमच्या साइटवर असायला हव्या होत्यात.

हिशेब करू. सोळा बिऱ्हाडं, घरटी चार धरली तर ६४ माणसं. माणशी रोज १३५ लिटर हे ठरलेलं माप, म्हणजे ८,६४० लिटर. आता पंप सहाला लावा. तोवर खाली ६,००० जमलेले. सहा ते पावणेसात ४५ मिनिटं, नळातून आणखी २,७००. एकूण ८,७००. पंपाने मिनिटाला १५० लिटर उचलले तर तेवढ्यात ६,७५० वर जातात, खाली १,९५० राहतात. ते रात्री साडेनऊला वर चढवा. त्यानेच टाकी तळाला जाते आणि पहाटे पाचच्या आंघोळीला वर पाणी असतं. दहाच्या आत आवाजही संपला, कायद्याने वागणाऱ्यांचीही सोय झाली.

शिल्लक ६० लिटर. त्यावरून भांडा. आणि दाब कमी असेल त्या दिवशी किंवा पाणीकपात लागली की हा हिशेब मोडेल, तेव्हा चारलाच लावायचा, हे आत्ताच लिहून ठेवा.

नव्वदचा_पार्लेकर

६० लिटरवर तर आमच्या सोसायटीत दोन जनरल बॉडी होतील.

तिसरा_मजला_डावीकडे

हिशेब पटला. पण रात्री साडेनऊचा पंप वॉचमन विसरला तर? सोमवारी तो बदलीचा असतो, त्याला पंपाची खोली कुठली ते माहीत नसतं. पहाटे साबण लावलेलं पोर घेऊन मी कुठे जाऊ?

तळमजला_मागची_बाजू

रास्त आहे. मग असं करू. खोलीची एक किल्ली माझ्याकडे. रात्रीचा साडेनऊचा पंप मी लावते, मला बातम्यांच्या मधल्या जाहिरातींत उठायचंच असतं. सकाळचा सहाचाही मीच. साडेपाचला मी आपोआप उठते, तो माझा मामला. पॅड आणि स्प्रिंगच्या झडपेचा खर्च कमिटीपुढे ठेवते. खजिनदार विरोध करणार नाही याची हमी.

तिसरा_मजला_डावीकडे

आणि सकाळी पंप लागला की नाही हे मला वर कसं कळणार? आवाज तर तुम्ही बंद करणार.

तळमजला_मागची_बाजू

सहा पाचला मिस्ड कॉल देते. उचलू नकोस, नाहीतर तुझी बस चुकेल, आपलं बोलणं कधी तीन मिनिटांत आटपलंय?