मदत हवी आहे: एकाला झालं, दुसऱ्याला होऊ नये म्हणून काय करू?

रेवा_ठाणे
घरात व्हायरल शिरलाय. एकाला झालाय, दुसऱ्याला होऊ द्यायचा नाहीये. दाराशी, बेसिनपाशी, पलंगाजवळ सॅनिटायझर ठेवलंय, तरी जीव थाऱ्यावर नाही. वन बीएचके आहे, त्यामुळे वेगळ्या खोलीत ठेवा हे सांगू नका. नक्की काय पाळायचं ते पटकन सांगा.

मुलुंडपार
कुठला व्हायरल? कोणाला? वय काय?

सुधाकाका
कुंड्यांखालच्या ताटल्या, फ्रिजमागचा ट्रे आठवड्यातून एकदा घासून कोरडे करा. डेंग्यूचा डास बहुतेक स्वच्छ साठलेल्या पाण्यात वाढतो. वर्तकनगरात आम्ही घरोघरी हेच सांगत फिरतो.

रेवा_ठाणे
काका, डासांचं नाही हो. मुलीच्या तळहातांवर, तळपायांवर पुरळ आहे, तोंडात फोड. डॉक्टर हॅण्ड-फूट-माउथ म्हणाले. पाळणाघरात अजून दोघांना झालंय.

शेतकरी_नातू
हे म्हणजे लाळ्या-खुरकूत ना? मग गाईचं दूध बंद करा.

वाशीची_अनघा
नाही दादा, तो गुरांचा रोग, त्याचा विषाणूच वेगळा. दूध बंद करायचं काही कारण नाही. रेवा, 'दुसरा' म्हणजे कोण? नवरा की अजून एक मूल?

रेवा_ठाणे
बाळ. 5 महिन्यांचं, अंगावर पितं. दिवसभर दोघं एकाच चटईवर. कोणीतरी उपाय सांगा ना!

गोदाआजी
अगं, भीमसेनी कापराची पुरचुंडी बाळाच्या गळ्यात बांध. आमच्या घरी सगळ्या नातवंडांना बांधली.

वाशीची_अनघा
आजी, मनापासून सांगते, हे नको. तान्ह्याने पुरचुंडी तोंडात घातली तर कापराने झटके येऊ शकतात.

लॅबवाला_ऐरोली
रेवाताई, आधी सॅनिटायझरवरचा भरवसा कमी करा. हा आजार कॉक्सॅकी ए16 किंवा त्याच कुळातल्या एन्टेरोव्हायरसमुळे होतो. त्यांना बाहेरून स्निग्ध आवरण नसतं. अल्कोहोल त्या आवरणावरच घाव घालतं, म्हणून इथे ते कमी पडतं. साबण लावून वाहत्या पाण्याखाली 20 सेकंद हात चोळा, विषाणू धुऊन जातो.

कळवा_राजन
कोरोनात सॅनिटायझरवरच निभावलं ना आपण? मास्क लावा सगळ्यांनी, खरा उपाय तोच.

लॅबवाला_ऐरोली
राजनदादा, कोरोनाच्या विषाणूला ते आवरण आहे, याला नाही. खोकल्या-शिंकेतूनही हा पसरतो, त्यामुळे मोठ्यांनी मास्क लावायला हरकत नाही, पण तान्ह्याला नको. इथे खरी वाट लाळ, फोडांतला द्रव आणि शी. फोड सुकले, मूल खेळायला लागलं, तरी शीतून विषाणू काही आठवडे बाहेर पडतो. मुलीला धुवायचं आपल्या हाताने आणि लगेच बाळाला घ्यायचं, घरात संसर्ग फिरतो तो असा. तिला धुतल्यावर, बाळाची लंगोट बदलल्यावर, भरवण्याआधी प्रत्येक वेळी साबण. पुरळ गेलं म्हणून हे सोडू नका.

घोडबंदर_त्रस्त
हात धुवायला पाणी तर हवं! कासारवडवलीला आमची सोसायटी टँकरवर चालते. बिल्डरने नळजोडणीचं सांगून...

मुलुंडपार
पाण्यासाठी वेगळा धागा काढा ना. तोवर बेसिनपाशी तोटीचं पिंप भरून ठेवा. बादलीत सगळ्यांनी हात बुडवण्यापेक्षा बरं.

रेवा_ठाणे
आणि खेळणी? सगळी बाळाच्या तोंडात जातात. डेटॉलने पुसली तर?

लॅबवाला_ऐरोली
ब्लीच वापरा. साधारण 5 टक्क्यांचं सोडियम हायपोक्लोराइट असेल तर लिटरभर पाण्यात 20 मिली. आधी साबणाने धुवा, मग काही मिनिटं त्यात ठेवा, नंतर चांगलं खंगाळून वाळवा. टॉयलेट क्लीनर त्यात चुकूनही मिसळू नका, विषारी वायू होतो. दाराच्या कड्या, नळ, मोबाइल विसरू नका. मोबाइल ब्लीचमध्ये नाही हं, नुसता पुसायचा.

वाशीची_अनघा
वाटी, चमचा, टॉवेल वेगळे. काही दिवस पापे नाहीत, एकमेकांचं उष्टं नाही. अंगावर पाजणं मात्र चालू ठेव. मुलीला गार दहीभात, पेज दे; आंबट-खारट झोंबतं. अॅस्पिरिन अजिबात नको.

गोदाआजी
आणि अँटिबायोटिक?

वाशीची_अनघा
विषाणूवर चालत नाही, आजी.

रेवा_ठाणे
पाळणाघरवाल्या मावशी सोमवारपासून पाठव म्हणतात. पाठवू?

मुलुंडपार
औषधाशिवाय 24 तास ताप नको, तोंडातून लाळ गळणं थांबलेलं हवं, फोड सुकलेले हवेत. मावशींनाही तिथली खेळणी धुवायला सांगा.

रेवा_ठाणे
एवढं सगळं करूनही बाळाला झालं तर?

वाशीची_अनघा
6 महिन्यांच्या आतलं आहे, त्यामुळे ताप किंवा पुरळ दिसलं की घरी थांबायचं नाही, त्याच दिवशी डॉक्टरांकडे. दूध ओढेना, 8 तास लघवी नाही, मलूल पडलं किंवा दचकायला लागलं, तर रात्र असली तरी थेट हॉस्पिटल.