मदत हवी आहे: जेसन फाइलीत ठेवू की डेटाबेसमध्ये?

नमस्कार मंडळी. मी गोव्यातल्या फोंड्याचा. जत्रा-उत्सवांत गावोगावी होणाऱ्या मराठी नाटकांची माहिती देणारं छोटं वेब ॲप केलंय, फ्लास्कमध्ये (पायथनमध्ये वेब ॲप बनवायची चौकट). गाव, तारीख, नाटक, पात्रपरिचय. कुठे दहा पात्रं, कुठे नुसतं नाटकाचं नाव, म्हणून सगळं एकाच जेसन फाइलीत (JSON, नाव आणि माहिती अशा जोड्यांची साधी मजकूर-फाइल) टाकलं. आळसच म्हणा.

परवा म्हार्दोळ आणि कवळ्याहून दोघांनी एकाच वेळी माहिती भरली आणि फाइल अर्धवट लिहिली गेली. सर्व्हरवर तीन वर्कर (ॲपच्या एकाच वेळी चालणाऱ्या प्रती) चालतात. आता आधी तात्पुरत्या फाइलीत लिहितो आणि मग तिचं नाव बदलून मूळ फाइलीच्या जागी ठेवतो. फाइल तुटत नाही, पण शेवटी लिहिणारा आधीच्याची भर पुसतो, ते दुखणं तसंच.

एसक्यूलाइट (एकाच फाइलीत राहणारा छोटा डेटाबेस) पुरेल का? लिहिणारे पाच-सहाच, वाचणारे बरेच. की पोस्टग्रेस या मोठ्या डेटाबेसचं जेसनबी (त्यात जेसन साठवायचा प्रकार) घेऊ? त्यात की-चा (जोडीतल्या नावांचा) क्रम टिकत नाही. पात्रांची नावं ॲरेमध्ये (क्रमवार यादीत) ठेवली तर चालेल ना? नायकाचं नाव खाली गेलं तर गावात तोंड दाखवायला नको!

दुसरं, फ्लास्क देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ (अक्षरं साठवायची नेहमीची पद्धत) मधल्या ३ बाइटांऐवजी एस्केप करून, म्हणजे साध्या इंग्रजी अक्षर-अंकांच्या संकेतात बदलून, ६ बाइटांत पाठवतो. ते एस्केपिंग बंद केलं तर जुन्या फोनवर काही बिघडेल का? सत्तरी तालुक्यात नेटवर्क रडतं, म्हणून ईटॅग (माहिती बदलली नसेल तर ती पुन्हा न पाठवण्यासाठीची खूण) आणि जीझिपही (माहिती दाबून लहान करून पाठवणं) लावायचा विचार आहे. कोणी केलंय का?