टॉप बॉक्स, विंडशील्ड लावल्यापासून बाईक ८० च्या पुढे डुलते, नक्की काय चेक करू?

मुलुंडचा रायडर
नमस्कार मंडळी. माझी ३५० सीसीची बाईक आहे, २२ हजार किमी झालेत, आतापर्यंत हायवेला एकदम स्थिर चालायची. मागच्या महिन्यात एका दमात सगळं बसवून घेतलं, टॉप बॉक्स, सॅडल स्टे (साइड बॅगा अडकवायची मागची फ्रेम), हँडलला क्लॅम्पने बसते ती उंच विंडशील्ड, क्रॅश गार्ड आणि त्यावर दोन फॉग लॅम्प. शनिवारी नाशिकला निघालो, बायको मागे, बॉक्समध्ये दोघांचे कपडे, रेनकोट, टूलकिट असं सगळं कोंबलेलं. भिवंडी बायपासला ट्रॅफिकमुळे काही कळलं नाही पण पडघ्याच्या पुढे रस्ता मोकळा मिळाला आणि ८५ ला गाडी डुलायला लागली, ट्रकच्या बाजूने जाताना तर हँडल एकदम हलकं झाल्यासारखं वाटलं. बायको प्रचंड घाबरली. शहापूरला चहाला थांबलो आणि पुढे कसारा घाटासकट सगळा रस्ता ६० च्या आत काढला. ज्यांनी फिटिंग केलं ते म्हणतात वजन वाढलंय, सवय होईल. मला हे अजिबात पटत नाहीये. टायर ८ महिन्यांचे आहेत, ग्रिप चांगली आहे.

ठाणेकर
सवय वगैरे काही नाही मित्रा, तुला जे वाटलं ते बरोबर आहे. आधी एक सांग, नुसतं हँडल थरथरत होतं की अख्खी गाडी हळूहळू डावी-उजवीकडे हेलकावे घेत होती? थरथर जोरात आणि फक्त हँडलला असेल तर कोनसेट (हँडलच्या मानेतले बेअरिंग), पुढचा टायर, चाकाचं बॅलन्सिंग तिकडे बघायचं. संथ हेलकावे असतील तर बहुतेक वेळा मागचं वजन, मागची हवा, शॉकअप, स्विंगआर्मचे (मागचं चाक धरणारा दांडा) बुश.
टॉप बॉक्सचं गणित लोक लक्षातच घेत नाहीत. समजा भरलेला बॉक्स १० किलो आणि तो मागच्या ॲक्सलच्या ३० सेंमी मागे लटकतोय, व्हीलबेस (दोन्ही ॲक्सलमधलं अंतर) १४० सेंमी. म्हणजे पुढच्या चाकावरचं साधारण २ किलो वजन उचललं जातं आणि मागच्या चाकावर १० नाही तर १२ येतं. २ किलो ऐकायला काहीच नाही, पण हे वजन उंचावर आणि पार टोकाला आहे, गाडी एकदा हलली की तेच तिला परत परत ओढत राहतं. रॅकवर किती किलो चालतील ते लिहिलेलं असतं, बऱ्याच रॅकना ३ ते ५ च असतात, बघ एकदा.

डोंबिवली एक्सप्रेस
स्टिअरिंग डॅम्पर लावून टाक भावा, हँडलची थरथर दाबतो तो, विषय संपला.

कुर्ला गॅरेज
डॅम्पर नको रे बाबा आत्ता. त्याने हँडल जड होईल आणि खरा फॉल्ट आत तसाच राहील.
माझं रोजचं कामच हे आहे म्हणून सांगतो. सॅडल स्टे खूप गाड्यांमध्ये मागच्या शॉकअपच्या वरच्या बोल्टवरच बसवतात आणि क्रॅश गार्ड इंजिनच्या माउंटिंग बोल्टवर. म्हणजे फिटिंग करताना हे मेन बोल्ट खोललेच जातात, परत टॉर्क रेंचने (मोजून ठरलेल्या ताकदीने आवळायचा पाना) कोण लावतो? वॉशर नाहीतर स्पेसर राहिला की शॉकअप तिरका ओढला जातो. हे सगळे बोल्ट पहिले बघून घे.
दुसरं वायरिंग. फॉग लॅम्पच्या वायरी हँडलच्या मानेपाशी टायने करकचून बांधतात. मेन स्टँडवर लाव, कुणाला तरी मागे दाबून धरायला सांग म्हणजे पुढचं चाक उचलेल, आणि हँडल या लॉकपासून त्या लॉकपर्यंत एका बोटाने फिरव. कुठे अडकलं किंवा मधेच खाच लागल्यासारखं वाटलं तर वायर किंवा कोनसेट. मग फोर्क खालून धरून मागे-पुढे ढकल, टकटक आली तर कोनसेट ढिला आहे. मागचं चाकही आडवं हलवून बघ, बुश गेले असतील तर तिथेच कळेल. आणि चेन ॲडजस्टरच्या खुणा दोन्ही बाजूला सारख्या आहेत ना?

पनवेलची पल्लवी
दादा, मागच्या टायरमध्ये हवा किती होती? मॅन्युअलमध्ये सिंगल आणि डबल सीटचे आकडे वेगळे असतात आणि आपण पंपावर नेहमीचंच सांगून मोकळे होतो. हवा थंड टायरवर बघा. शॉकअपचा प्रीलोडही (स्प्रिंगचा आधीचा दाब) डबल सीट आणि सामान असेल तर सी पान्याने वाढवावा लागतो, नाहीतर मागची बाजू बसते आणि पुढचं अजून हलकं होतं.
हँडलवरची विंडशील्ड मी स्वतः काढून टाकली. वाशी पुलावर आडवा वारा आला की तो सगळा धक्का सरळ हँडलमध्ये यायचा, फ्रेमला बसणारी असते तिचं तसं होत नाही.
आणि प्लीज, परत डुलली तर घाबरून ब्रेक मारू नका, हँडलशी झटापट करू नका. टाकी गुडघ्यांनी घट्ट धरा, हात सैल, थ्रॉटल हळूहळू कमी. हात सोडून टेस्ट तर चुकूनही करू नका.

मुलुंडचा रायडर
सगळ्यांचे मनापासून आभार. ठाणेकर, अख्खी गाडीच हेलकावे घेत होती. रविवारी सोसायटीत दोन तास बसलो. मागच्या टायरमध्ये हवा २६ निघाली, मॅन्युअलमध्ये डबल सीटला ३२ आहे. उजव्या शॉकअपचा वरचा बोल्ट हाताने फिरला, वॉशरच नव्हता, बघून अंगावर काटा आला कारण याच गाडीवर मी बायकोला घेऊन घाट चढलो होतो. फॉग लॅम्पची वायर उजवीकडे पूर्ण वळवल्यावर ताणत होती, टाय कापून मोकळी केली. कोनसेट ठीक आहे.
बोल्ट नीट लावून, हवा भरून आज पहाटे बॉक्स काढून एकट्यानेच पडघ्यापर्यंत जाऊन आलो, ८५ ला एकदम सरळ. मग बॉक्स रिकामा लावून परत एक फेरी, तरी ठीक. जड सामान आता साइड बॅगेत खाली जाईल, बॉक्समध्ये फक्त रेनकोट. मोकळ्यात वारा आला की हँडल अजून थोडं ओढतं, ते विंडशील्डचंच वाटतंय. कुणी कमी उंचीची, फ्रेमला बसणारी वापरतंय का?