जवळचे जुने घर की लांबचे नवे? निर्णयासाठी मदत हवी आहे

आम्ही पहिल्यांदाच घर विकत घेत आहोत आणि दोन घरांपाशी येऊन अडलो आहोत. दोन्हींची किंमत जवळपास सारखीच असल्यामुळे निव्वळ पैशाकडे पाहून निर्णय होत नाही.

पहिले घर वीस वर्षे जुन्या इमारतीत तिसऱ्या, म्हणजे शेवटच्या मजल्यावर आहे. इमारतीला लिफ्ट नाही. मात्र मुलीची शाळा, दवाखाना आणि बाग चालत दहा मिनिटांच्या आत आहेत. दुसरे घर नवे, एका खोलीने मोठे आणि लिफ्ट असलेले आहे. परंतु तेथून कामावर जाताना आणि परतताना प्रत्येकी ४५ मिनिटे जास्त लागतील. रोजचा दीड तास ऐकायला किरकोळ वाटतो, पण वर्षाचे २४० कामाचे दिवस धरले तर त्याचे ३६० तास, म्हणजे पूर्ण पंधरा दिवस आणि पंधरा रात्री होतात.

खरा पेच आईचा आहे. ती ७१ वर्षांची असून तिचे गुडघे दुखतात, त्यामुळे लिफ्ट असलेले घरच तिच्या सोयीचे, असे मी धरून चालले होते. प्रत्यक्षात तेथे ती लिफ्टने खाली उतरली आणि फाटकापाशीच थांबली, कारण पुढे ना पदपथ, ना सावली, ना चालत जावे असे एखादे ठिकाण. जुन्या इमारतीचे जिने ती थांबत थांबत चढली खरी, पण त्याआधी खालच्या बाकावर अनोळखी बायकांशी अर्धा तास गप्पा मारून झाल्या होत्या. आज तिला जिने चढता येतात. पाच वर्षांनी काय?

जुने घर आम्ही भर दुपारी, रात्री अकराला आणि मोठ्या पावसानंतर असे तीनदा पाहिले. तिसऱ्या वेळी झोपण्याच्या खोलीत छताच्या कोपऱ्यात ओल दिसली, आणि नवा रंग नेमका तेवढ्याच भिंतीला होता. गळती जुनी असून दुरुस्ती झाली आहे, असे मालक सांगतात.

'नाही पटले तर विकून टाका' हा सल्ला कृपया देऊ नये. २० वर्षांच्या कर्जावर ८.५ टक्के व्याज असेल, तर पाच वर्षे हप्ते भरूनही मुद्दल जेमतेम १२ टक्क्यांनी कमी होते.

जुन्या इमारतीला बाहेरून लिफ्ट बसवण्याचा अनुभव कोणाला आहे का? सगळ्या रहिवाशांची संमती मिळण्यास आणि प्रत्यक्ष काम होण्यास किती काळ लागला? ओल गच्चीतून येते की नळाच्या वाहिनीतून, हे व्यवहारापूर्वी कोणाकडून तपासून घ्यावे? आणि नव्या वस्तीत ज्यांनी 'लवकरच होणार' म्हणून सांगितलेल्या शाळेच्या व रस्त्याच्या भरवशावर घर घेतले, त्यांना ती वाट किती वर्षे पाहावी लागली, हेही कळवावे. जुन्या घराचे बयाणे महिनाअखेरीस द्यायचे आहे.