चीगाँग करताना गुडघे दुखतात, डोळ्यांपुढे अंधारी येते – मदत हवी आहे

सांजवात : गेले तीन आठवडे मी रोज सकाळी नेमाने चीगाँग (श्वास आणि संथ हालचालींचा चिनी सराव) करते आहे, पण गुण येण्याऐवजी गुडघ्याच्या वाटीखाली दुखू लागले आहे आणि शेवटी हात खाली घेताना डोळ्यांपुढे अंधारी येते. चित्रफितीतले शिक्षक ‘शरीराला सवय होईल’ एवढेच म्हणतात. कुठे चुकते आहे ते कृपया लवकर सांगावे.

जुनी वही : चीगाँग हे एका व्यायामाचे नाव नाही. आपण स्थिर उभ्या राहता की हालचाली करता, किती वेळ, वय किती, काही औषध चालू आहे का, हे कळल्याखेरीज काय सांगणार?

मंदगती : उभे राहणे सोडा आणि बादुआनजिन हा चीगाँगचा क्रम करा. आठच हालचाली आहेत, आणि २००३ च्या सुमारास चीनच्या क्रीडा प्रशासनाने प्रमाणित केलेल्या चार क्रमांतही तो आहे. माझी आखडलेली पाठ त्यानेच सुटली.

पिंपळपान : ‘ची’ म्हणजे आपला प्राणच, श्वास रोखून धरल्याशिवाय तो नाभीखाली स्थिरावत नाही.

जुनी वही : असा सल्ला कृपया देऊ नका. अंधारी येणाऱ्या व्यक्तीने श्वास मुळीच रोखू नये. या सरावात तो सहज चालू द्यायचा असतो.

दूरचा वाटसरू : चीनमधील मावांगदुई येथील थडग्यातून १९७३ मध्ये निघालेल्या रेशमी पटावर अशा व्यायामांच्या ४४ आकृत्या आहेत, ते थडगे इसवी सनापूर्वी १६८ मधले आहे. सर्वांनी तो पट अवश्य पाहावा.

सांजवात : झाडाला कवेत घेतल्यासारखे हात धरून वीस मिनिटे उभी राहते, उपाशीपोटी. वय ५२. रक्तदाबाची गोळी गेल्या महिन्यात वाढवली आहे, पण त्याचा इथे संबंध असेल असे वाटले नव्हते.

जुनी वही : संबंध नक्कीच असू शकतो. निश्चल उभे राहिल्याने रक्त पायांत साचते, कारण ते वर ढकलणाऱ्या पोटऱ्या हलतच नाहीत. त्यात गोळीने दाब उतरला की अंधारी येते. डॉक्टरांना विचारेपर्यंत उभ्याचा सराव थांबवा, गोळी मात्र मनाने बंद करू नका. गुडघ्यांसाठी आरशासमोर उभे राहून पाहा : वाटी पायाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत हवी, आत झुकलेली नको, आणि बैठक उंच स्टुलाच्या कडेवर टेकल्याएवढीच. पुढे परवानगी मिळाली तर दोन-तीन मिनिटांपासून सुरुवात करा.

मंदगती : म्हणूनच बादुआनजिन म्हणतो आहे, त्यात पाय हलते राहतात.

जुनी वही : पण त्याच्या पाचव्या हालचालीत खोल अश्वस्थितीत (घोड्यावर बसल्यासारखे पाय फाकवून, गुडघे वाकवून) डोके खाली झुकवून फिरवायचे असते. या ताईंच्या गुडघ्यांना आणि चक्करेला ते आज झेपणार नाही. आठवी, टाचा उचलण्याची, त्यांना पुढे उपयोगी पडेल, तीही टाचा न आपटता.

सांजवात : आरशात पाहिले, उजवा गुडघा खरोखरच आत झुकतो. डॉक्टरांची वेळ गुरुवारची मिळाली आहे. तोवर खुर्चीत बसून केले तर चालेल का?

जुनी वही : चालेल. पाठ न टेकता, दोन्ही तळवे जमिनीवर पूर्ण ठेवून बसा, आणि हात खांद्यांच्या खालीच राहू द्या.